प्रथिनांची खतावणी

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट नक्की कळते. जे वाढावं असं वाटतं ते वाढत नाही आणि जे वाढू नये ते चक्रवाढ व्याजानं वाढतं. माझ्या बचत खात्यातली शिल्लक आणि माझं वजन या दोहोंकडे पाहूनच मी हे बोलतो आहे. नोकरीला लागलो तेव्हा खात्यात काही नव्हतं आणि अंगावरही काही नव्हतं. आज खात्याची परिस्थिती जवळपास तीच आहे. अंगावर मात्र ८६ किलोंची ठेव जमलेली. बरं, ती मुदत संपल्यावर परत करता येण्यातली नव्हे. आपोआप नूतनीकरण होणारी!

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. साखर काठावर होती, कोलेस्टेरॉल काठ ओलांडून पलीकडे गेलं होतं आणि यकृतावर चरबी होती.

"वडिलांना काही त्रास?"

"हार्टचा."

"आहेत?"

"नाहीत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले."

"तुमचं वय?"

"सत्तेचाळीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ऑडिटरनं पेन खाली ठेवलं की आपल्याला हायसं वाटतं. डॉक्टरनं ठेवलं की वाटत नाही. "सोळा-अठरा किलो उतरवा," ते म्हणाले. "आणि तूप, लोणी, साय, चीज, सगळं बंद."

हे घरी सांगताना मी पेन खाली ठेवल्याचा भाग गाळला. आई सत्तरी ओलांडलेली. तिला कशाला ताप? पण बाकीचं ऐकून आमची अकरावीतली कन्या उठून उभी राहिली. "बाबा, मग माझ्यात या."

कन्या सहा महिन्यांपासून 'व्हीगन' होती. म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, तूप आणि मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मला, पण आमच्या घरात यायला त्याला ऐंशी वर्षं लागली. आईला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा ती म्हणाली, "वॅगन? मालगाडीची?" आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ते लागलं. पण ८६ किलोंच्या माणसाला फार रागावता येत नाही, धाप लागते.

मी 'माझ्यात' गेलो. पहिलाच प्रश्न आला तो प्रथिनांचा. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. डॉक्टरांनी मला त्याहून थोडी जास्त, म्हणजे दिवसाला साधारण ७५ ग्रॅम लिहून दिली. शिवाय बी-बाराची गोळी; कारण ते जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही आणि व्हीगन माणसाला ते बाहेरूनच घ्यावं लागतं. कन्येनं सहा महिने ती घेतलीच नव्हती, हे त्या दिवशी उघडकीस आलं. तत्त्वनिष्ठा आणि गोळी या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या लक्षात राहत नाहीत.

मी दुकानात जाऊन वनस्पतीजन्य प्रथिनांच्या पावडरीचा डबा पाहिला. किलोला २४०० रुपये. डबा मी होता तसाच, लेबल पुढे करून, फळीवर ठेवला. आमच्या घरावर गृहकर्ज आहे आणि ते आमच्याच बँकेचं आहे, त्यामुळे हप्ता चुकला तर मलाच मला नोटीस पाठवावी लागेल.

पण मी बी.कॉम. आहे. आजवर या पदवीचा मला नोकरी लागण्यापलीकडे काही उपयोग झाला नव्हता, आता झाला. एक जुनी डायरी काढली, रकाने आखले आणि आमच्या वाण्याच्या दरानं एक ग्रॅम प्रथिनं किती पैशांना पडतात याची खतावणी मांडली. बदाम ९०० रुपये किलो, शंभर ग्रॅमात प्रथिनं २१. म्हणजे ग्रॅमला सव्वाचार रुपये. पावडर, तीन-साडेतीन रुपये. तूरडाळ, ६४ पैसे. शेंगदाणे, ६०. हरभराडाळ, ४५. मसूर, ३८. आणि सुट्या सोयाबीनच्या वड्या? शंभर ग्रॅमात ५२ ग्रॅम प्रथिनं आणि ग्रॅमला अवघे २३ पैसे! इतका परतावा आमच्या बँकेनं कधी कोणाला दिलेला नाही.

सौ.नं त्याच संध्याकाळी वड्या भिजवल्या, पिळल्या आणि ताटात वाढल्या. मी पहिली वडी उचलली आणि ओळख पटली. कॅश काउंटरवर नोटा मोजताना बोट ओलं करायला वाटीत एक स्पंज ठेवलेला असतो. तोच. मी सवयीनं त्यावर बोट टेकवलं.

"चव कशी आहे?" सौ.नं विचारलं.

"हाताळायला चांगली आहे," मी म्हणालो.

तेव्हा वड्यांना रजा दिली आणि शेंगदाण्यांना खातं उघडून दिलं. शिजवायला नको, पिळायला नको, ड्रॉवरमध्ये ठेवले की दिवसभर जाता-येता तोंडात टाकता येतात. दिवसाला दोनशे ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे पन्नास ग्रॅम प्रथिनं नुसती ड्रॉवरमधून! शेजारच्या काउंटरवरचे सहकारीही या योजनेत सामील झाले. पंधरा दिवसांनी मी ताठ मानेनं काट्यावर उभा राहिलो. काटा म्हणाला, ८७ किलो २०० ग्रॅम.

कन्येनं माझी डायरी मागून घेतली. अकरावी कॉमर्सची मुलगी. बापाच्या पदवीला तिनं दोन मिनिटांत निकालात काढलं. "बाबा, उष्मांकाचा रकाना कुठाय? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या वर कॅलऱ्या असतात. तुम्ही रोज अकराशे ड्रॉवरमधून खाताय, वर जेवताय. ही सिंगल एंट्री झाली."

बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला 'तुझी एकेरी नोंद आहे' असं म्हणणं हे काय असतं, ते आमच्या व्यवसायातल्यांनाच कळेल. मी मुकाट्यानं दुसरा रकाना आखला. त्या रकान्यानं सगळं चित्र पालटलं. पन्नास ग्रॅम प्रथिनं शेंगदाण्यांतून घेतली तर अकराशे कॅलऱ्या. मसुरीतून सातशेच्या आसपास. सोयाबीनच्या वड्यांतून साडेतीनशेच्या आत. स्पंजाला पुन्हा सन्मानानं बोलवावं लागलं. सौ.नं या वेळी तो आलं-लसूण-गोडा मसाल्याच्या रश्शात मुरवला, आणि खरं सांगायचं तर दोन वाट्या कधी गेल्या कळलं नाही.

उरलेली डायरी आईनं भरली. ती दार धरून ऐकत होती. "हुलगा का नाही लिहिलास? मटकी? मूग? आणि वरण करता ते नुसतं पिवळं पाणी. त्यात डाळ किती असते?" आम्ही मोजली. एका वाटीला वीस ग्रॅम. म्हणजे प्रथिनं साडेचार. लहानपणापासून ज्या वरणावर मी माझी सगळी भिस्त ठेवली, तो वसुली न होणारा कर्जदार निघाला. "आणि उसळ नुसती खायची नाही," आई म्हणाली. "भाकरीबरोबर खायची." कन्येनं मान डोलावली, धान्यात जे कमी असतं ते कडधान्यात असतं आणि कडधान्यात कमी ते धान्यात, म्हणून दोन्हींची जोडी लावली की प्रथिनं पुरी पडतात. तिनं हे पुस्तकात वाचलं होतं. आईनं ते माण तालुक्यात खाल्लं होतं.

असा आमचा दिवस बसला. सकाळी मुगाची धिरडी, प्रथिनं १४ ग्रॅम. दुपारच्या डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि मटकीची उसळ, २२. चार वाजता मूठभर फुटाणे, ८. रात्री सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा आणि घट्ट मसुरीची आमटी, ३३. एकूण ७७ ग्रॅम. तेलमीठ आणि भाजीपाला सोडला तर खर्च ३३ रुपये. कडधान्यांचे काही परिणाम काउंटरवर जाणवले हे खरं. पण माझ्यापुढची रांग एरवीपेक्षा भरभर पुढे सरकू लागली, आणि हे ग्राहकसेवेतच मोडतं.

तरी काटा हलेना. एक महिना झाला, ८५ वर अडून बसला. मी ताळा पुन्हा पुन्हा तपासला. आमच्यात म्हणतात, फरक सापडत नसेल तर तो बेरजेत नसतो, तो न झालेल्या नोंदीत असतो. ती नोंद सौ.ला सापडली. ज्या घरात आता कोणी तूप खात नव्हतं, त्या घरातला तुपाचा डबा तळाला गेला होता.

"मीच घालते," आई म्हणाली. "त्याच्या उसळीत. एक पळी."

मला गेला महिनाभर मटकी फार आवडत होती. मी त्याचं श्रेय मटकीला देत होतो.

कन्येचा चेहरा पांढरा पडला. "आजी, माझ्याही?"

"तुझ्यात नाही गं. तुझं व्रत आहे, ते मी कशी मोडेन? याचं कसलं व्रत? याचं नुसतं वजन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मायलेकी खडी फोडायला जात होतो. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. दूध कुठलं? चहासुद्धा कोरा. हुलग्याचं माडगं आणि भाकरी. आम्ही व्हीगन नव्हतो रे, आम्ही गरीब होतो. तेव्हा ठरवलं होतं, माझ्या घरात कोणाचं ताट कोरडं राहणार नाही."

यावर काय बोलणार? डायरीत अशा खर्चाला रकानाच नव्हता. तेव्हा मी तिला तो गाळलेला भाग सांगितला. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं, एवढंच.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांच्या ताटातही मीच वाढत होते."

"नुसत्या तुपानं नाही गेले अण्णा," मी म्हणालो. "दिवसाला दोन पाकिटं ओढायचे."

"तेही होतंच," ती म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून माझी मटकी कमी चविष्ट झाली.

या गोष्टीला पाच महिने झाले. काटा ७८ वर आला आहे. कोलेस्टेरॉल काठाच्या अलीकडे आलंय आणि डॉक्टरांनी गेल्या खेपेला पेन हातातच ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात मला अठ्ठेचाळीस पुरी झाली. आईनं सकाळी उठून हरभऱ्याची डाळ शिजत घातली. पुरणपोळी केली, कटाची आमटी केली, आणि पोळीबरोबर दुधाऐवजी आमच्याकडची गुळवणी. ताटावर बसलो. आईनं तुपाची पळी उचलली, गुळवणीच्या पातेल्यात बुडवली आणि पोळीवर ओतली. सवयीनं तिनं पळी थोडी वर धरून धार मोडली, तूप मोडतात तशी.

कन्येनं हिशेब केला. "आजी, एका पोळीत साधारण पाच ग्रॅम प्रथिनं आहेत. पण गूळ केवढा!"

"गुळाचं मला सांगू नको," आई म्हणाली आणि माझ्या ताटात दुसरी टाकली. "खा रे. डाळच आहे."

मी खाल्ली. त्या दिवशीची खतावणी अजून लिहायची राहिली आहे.