कोळंबीवरचं चीज

माशाच्या वारी आमच्या घरात दुधा-दह्याची भांडी फडताळाच्या वरच्या खणात जायची. ओट्यावर नारळाचा रस मात्र वाटी वाटी असायचा, कोळंबीच्या कढीला निराळा आणि सोलकढीला निराळा. म्हशीच्या दुधाचा पेला माशाच्या ताटाजवळ आला, की आजी पदराला हात पुसत यायची. "कोड येतला गो बाय!" तिच्या आवाजात राग नसे, खरोखरची भीती असे.

आजीने चरकसंहिता उघडलीही नव्हती, पण तिचं म्हणणं तिथलंच. सूत्रस्थानाच्या 26 व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे, आणि मासे दुधाबरोबर खाऊ नयेत हे त्यात स्वच्छ सांगितलंय. दोन्ही मधुर, पण एक उष्ण आणि दुसरं शीत, म्हणून त्यांचं जमत नाही, असा तो विचार. आजचे त्वचारोगतज्ज्ञ कोडाचं कारण रंगपेशींच्या नाशात शोधतात, ताटातल्या माशा-दुधात नाही. आणि बंगाल्यांकडे तर दह्यातलं दोई माछ पंगतीला वाढतात. तरीही मासे खाल्ल्यावर मी रात्रीचं दूध घेत नाही. पटणं वेगळं, घशाखाली उतरणं वेगळं.

चीज आमच्याकडे शिरलं ते मुलांच्या डब्यातल्या सँडविचमधून, मागच्या दाराने. ते दुधाचं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते लक्षात आलं माझ्या धाकट्या जावेने कोळंबीच्या सुक्यावर ते किसलं तेव्हा. सासूबाईंनी आपल्यापुरती कोळंबी आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवली. अजूनही काढतात.

जावेने ती कृती ग्रीसकडून घेतली होती. तिकडे कांदा, लसूण, टोमॅटो आणि थोडी मिरची परतून त्यात कोळंबी सोडतात आणि वरून खाऱ्या पाण्यात मुरलेल्या फेटा चीजचे तुकडे घालतात. खोबरं आणि आमसूल वगळलं तर ही आपलीच कोळंबी की! फेटा नसेल तर मुंबईत पारशांचं टोपली पनीर मिळतं. तेही मऊ आणि खारट निवळीत ठेवलेलं, त्यामुळे बऱ्यापैकी निभावतं. बाजारचं साधं पनीर मात्र नको. दूध आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे ते वितळतच नाही, दाताखाली निराळं लागत राहतं.

आता माझ्या तव्यावरचं सांगते. कोळंबी सोलून, पाठीला चीर देऊन काळा दोरा काढायचा, आणि हळद, तिखट, लसणाचं वाटण लावून थोडा वेळ ठेवायची. मीठ नाही. तवा तापला, की तेलावर एकेक कोळंबी मांडायची. राखाडी अंग कडेने गुलाबी होत आत सरकतं, शेपटी वळते. उलटली, की चीज अगदी बारीक किसणीने, चिमटीचिमटीने वर टाकायचं. काही कीस कोळंबीवर पडतो, काही घसरून तव्यावर. वरचा नुसता पाझरतो, पण तव्यावर पडलेला चरचरतो, त्याला बारीक भोकं पडतात, कड तांबूस होते आणि कोळंबीभोवती कुरकुरीत जाळी धरते. ही जाळी उलथन्याने खरवडून आधी कोण खाणार, यावर आमच्या घरात भांडणं होतात. कोळंबी अर्धगोल झाली, की उतरवायची. पूर्ण गोल झाली म्हणजे चिवट झालीच समजा.

हे का जमतं, याचं उत्तर जपानकडे आहे. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली, की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी चढते. मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं आणि दुसरी बाजू मासळी सांभाळते. आपल्या बायकांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं; नाहीतर वालाच्या बिरड्यात आणि वांग्याच्या रश्श्यात मूठभर सोडे कशाला पडले असते?

म्हणून माझं मत असं, की माशाशी चीज वापरायचं ते सोड्यांसारखं, चवीपुरतं. हॉटेलांतून मिळणारं पिवळ्या गोधडीखाली झोपवलेलं लॉबस्टर मला बघवत नाही. इतका महाग जीव, आणि जिभेला कळतं ते फक्त चीज. इटलीत सागरी पास्त्यावर चीज मागितलं तर वाढप्याच्या कपाळाला आठी पडते, ती याच धाकाने असावी. अर्थात त्याच देशात सिसिलीच्या कातानियाकडे भरल्या सार्डिनच्या सारणात पेकोरिनो घालतात आणि पुलियात भरल्या शिंपल्यांत. आपली तारली सार्डिनच्याच गोतातली. कोणी भरून पाहील तर मला जेवायला बोलवा.

खेकड्याचा गर काढून, कांदा-मिरचीत परतून, पुन्हा त्याच्याच कवटीत भरला आणि वर पावाचा चुरा व थोडं चीज घालून भाजला, तर उत्तम. सुरमईला चालेल, पण तिला गरज नाही. बांगड्याचा वास आणि चीजचा वास एकमेकांवर कुरघोडी करतात, तिथे तिरफळच हवं. मीठ नेहमी चीज घातल्यावर, चाखून. आणि ताज्या पापलेटावर चीज किसायचा विचार मनात आला, तर कृपा करून ते पापलेट शेजाऱ्यांना द्या.