गाठोड्यात काय घ्याल?



आमच्या सडक अर्जुनीहून नवेगावबांध, गोठणगावच्या वाटेनं प्रतापगडाकडे गेलात, तर रंगीत पताका फडफडताना दिसतील. त्या दिंडीच्या नव्हेत. ती तिबेटी बांधवांची नॉर्ग्येलिंग वसाहत, १९७२ साली वसलेली. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय उतरली. त्यांतली काही आपल्या धानाच्या मुलखात येऊन स्थिरावली. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्याही वसाहती आहेत. आपण त्यांच्याकडून थंडीत स्वेटर घेतो, बाजारात मासळी घेतो. पण घर का सुटलं, हे विचारतो का?

इकडच्या एका शाळेतल्या बाईंनी मुलांना हे विचारायला शिकवलं. कीर्तन सुटलं तरी जीभ सुटत नाही, म्हणून मलाही बोलावणं आलं. मुलांनी ओल्या मातीची घरं केली होती. अंगण, तुळस, गोठा, सगळं हौसेनं. मग बाईंनी प्रत्येकाला एक जुनं पंचं दिलं. त्यात मावेल तेवढंच घ्यायचं, घर तिथंच ठेवून दुसऱ्या वर्गात जायचं. कुणी पुस्तक घेतलं, कुणी आजीचा फोटो. एका पोरीनं फक्त कुलपाची किल्ली घेतली. दुसऱ्या वर्गातल्या मुलांना सरकून जागा द्यायची होती. काहींनी दिली, काहींनी दप्तर आडवं ठेवलं.

मला तो खेळ याचसाठी आवडला. रडक्या चेहऱ्यांची चित्रं काढून घेण्यापेक्षा हे खरं. तिथं एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्याच घरच्या जमिनीचा पट्टा अजून झाला नाही, मग यांना जागा कशी मिळाली?" बाईंनी त्याला गप्प केलं नाही. तेही फळ्यावर लिहिलं. पोटातला सल दाबून आलेली दया फार दिवस टिकत नाही, असं मला वाटतं.

मग मी आळंदीची कथा सांगितली. संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलेली चार भावंडं. मांडे भाजायला मुक्ताईला खापरसुद्धा मिळू दिलं नाही, अशी कथा आहे. ती तर परदेशाहून आली नव्हती, आपल्याच गावात परकी झाली होती.

तुम्ही म्हणाल, आपणही वारीत परक्याच्या ओसरीवर निजतोच की. निजतो. पण आपल्या घराची किल्ली कनवटीला असते, परतीचा दिवस ठाऊक असतो. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहून गेले, बायका-पोरंच जास्त. त्यांना परतीची तिथी कोण सांगणार होतं?

कथा संपल्यावर त्याच मुलानं विचारलं, "महाराज, त्या कुंभाराला कुणाची भीती होती?"

पन्नास वर्षं ही कथा लावली, हा प्रश्न कुणी केला नव्हता. पौषात मुलं नॉर्ग्येलिंगला जाणार आहेत. मीही निघालोय.