नाशिकची पहिली वेलांटी

नाशिक रोड स्थानकाच्या पाटीवरचा एवढा एकच शब्द घेऊ: नाशिक. टंकताना आधी श येतो, मग पहिली वेलांटी, मग क. संगणकाच्या पोटातही तोच क्रम राहतो. पण दिसताना वेलांटी श च्या आधी उभी राहते. उच्चार मागून, जागा पुढे. ही अदलाबदल कोणीतरी करावी लागते, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ते काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ ही लायब्ररी करते. पायथॉनमध्ये चित्रावर अक्षरे उमटवणाऱ्या पिलोला हार्फबझ मिळते ती ‘रक्म’ नावाच्या मधल्या लायब्ररीतून. (आपली ‘रक्कम’ आणि हे नाव एकाच अरबी शब्दाचे.) पिलोच्या लेखी रक्म ही ऐच्छिक डिपेंडन्सी आहे. ती नसली तरी पिलो थांबत नाही. अक्षरे आली तशी एकापुढे एक मांडतो. मग वेलांटी श च्या मागे पडते, तिची कमान क च्या डोक्यावर जाते आणि वाचणाऱ्याला ‘नाशकि’ दिसते. ‘रस्ता’मधला स पाय मोडलेलाच राहतो. फाइल तयार होते, प्रोग्रॅम यशस्वी म्हणून संपतो.

पॅकेज बांधणाऱ्यासमोर रोज येणारा प्रश्न असा, की अमुक लायब्ररी सक्तीची ठेवायची की ऐच्छिक. नेहमीचे उत्तर गरजेवरून दिले जाते: किती जणांना लागते? मला हे मोजमापच चुकीचे वाटते. विचारायचे ते हे, की ती नसताना काय होते आणि ते कोणाला कळते. पिलोतच याचा दुसरा नमुना आहे. जेपेग २००० उघडणारी लायब्ररी नसेल, तर तसली फाइल उघडायला जाताच पिलो डीकोडर नसल्याचे सांगून काम सोडतो. सांगणारा असेल तर गैरहजेरी चालते. अशी डिपेंडन्सी खुशाल ऐच्छिक ठेवावी. रक्मचे तसे नाही. तिच्यावाचून काम होते, फक्त चुकीचे होते. गंमत म्हणजे मजकुराची भाषा मराठी आहे असे पिलोला मुद्दाम सांगितले, म्हणजे फॉन्टमध्ये असेल तर मराठी वळणाचा श मिळावा म्हणून, तर मात्र रक्म नसल्याची चूक तो लगेच दाखवतो. न सांगणारा फसतो, आणि न सांगणारेच जास्त असतात.

डेबियन या लिनक्स वितरणाने या प्रश्नाला पायऱ्या दिल्या आहेत: डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स. मधली पायरी अशा पॅकेजांसाठी, जी अपवाद वगळता प्रत्येक ठिकाणी सोबत असावीत. २००९ च्या लेनी आवृत्तीपासून डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन एपीटी ती न विचारता बसवते. ही पायरी मला मनापासून आवडते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. सर्व्हरसाठी डॉकरची प्रतिमा बांधणारे जागा वाचवायला रेकमेंड्स वगळण्याचा पर्याय सवयीने लावतात. आणि प्रमाणपत्रे, फलक, पावत्या आपोआप बनतात त्या तिथेच. पिलोच्या तयार पॅकेजात गुंता आणखी एक. २०२१ पासून रक्म त्यात आतच येते, पण ती चालू होण्यासाठी फ्रीबिडी ही लायब्ररी यंत्रावर आधीच असावी लागते. फ्रीबिडी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी. नाव पाहून मराठी माणूस म्हणणार, हिचा आपल्याशी काय संबंध, आणि ती वगळणार. वगळली की वेलांटी गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ज्याला मराठी हवी तो बसवून घेईल. पण बसवणारा आणि वाचणारा एकच असतो कुठे? सर्व्हर सांभाळणारा बंगळुरात बसतो, प्रमाणपत्र हातात पडते नाशिकमधल्या जेलरोडच्या घरात. त्या घरातल्या माणसाला रक्म हे नावही ठाऊक नसते. शिवाय ‘ऐच्छिक’ काय हे ठरवताना कोणाची भाषा गृहीत धरली आहे, तेही पाहावे. डेबियनमध्ये छापील मजकूर वाचणारे टेसरॅक्ट बसवले की इंग्रजीची विदा सक्तीने येते. मराठीची वेगळी मागावी लागते. तिथे ते मला चालते, कारण मराठी मागितली आणि विदा नसली तर टेसरॅक्ट तसे स्पष्ट सांगते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक जादा लायब्ररी म्हणजे चोराला एक जादा दार. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेडचे प्रकरण घडले ते याच वाटेने: काही वितरणांनी ओपनएसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, तिच्यामागून एक्सझेड या फाइल-संक्षेपकाची लिबएलझेडएमए आत आली, आणि तिच्यात कोणीतरी चोरवाट पेरून ठेवली होती. त्या लायब्ररीची एसएसएचला स्वतःला काही गरज नव्हती. हे मान्य करूनही माझा मुद्दा उरतो, कारण सिस्टमडीने पुढे काढलेला मार्गही बोलकाच आहे. अशा लायब्ररी आता गरज पडेल तेव्हाच उघडायच्या, पण कोणकोणत्या उघडल्या जाऊ शकतात याची नोंद बायनरीतच ठेवायची, म्हणजे पॅकेज बांधणाऱ्याला ती वाचता येते. पिलोच्या फ्रीबिडीसाठी मला एवढेच हवे आहे. एफएफएमपेगने तर सरळ निकाल लावला: व्हिडिओवर मजकूर लिहिणाऱ्या त्याच्या फिल्टरला २०२३ च्या ६.१ आवृत्तीपासून हार्फबझ सक्तीचे झाले. नसेल तर फिल्टरच बनत नाही. मला हे कठोर वाटत नाही. छापील नोटेचेच पाहा. नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नाशिक रोडलाच आहे. नोटेच्या मागच्या भाषापट्टीत पंधरा भाषा असतात, मराठीही असते, आणि तिथली अक्षरमांडणी ऐच्छिक ठेवा असे कोणी म्हणणार नाही.

ज्यांना सक्ती नको त्यांनी निदान तपासणी तरी ठेवावी. पॅकेज बांधून झाले की एकच शब्द दोनदा काढायचा, एकदा साध्या मांडणीने, एकदा रक्मच्या. दोन्ही चित्रे हुबेहूब आली, तर रक्म चाललीच नाही, बांधणी नापास. डोळ्यांनी तपासायचे असेल तर शब्द मात्र जपून निवडावा. ‘पुणे’ लिहून पाहिले तर बहुतेक फॉन्टमध्ये रक्मशिवायही सगळे ठीकच दिसते. उकार खाली, मात्रा वर, जागच्या जागी. नाशिक लिहावे.