ताकद वाढवताना

शिरूर कासारचे मजूर आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. भाच्याने विचारलं, "मामू, टर्बोचा दाब नि पंपाचं डिझेल वाढवून घेऊ? खेपा वाढल्या तरच उचल फिटेल."

मी म्हटलं, "बेटा, जादा हवा-डिझेलने ताकद वाढते, तशी उष्णताही. हेड गॅसकेट, पिस्टन तेवढा दाब सोसतीलच असं नाही. ब्रेक तर तेच राहतात. उतारावर भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलतात, तिथं टर्बो कामाचा नाही."

कर्ज फेडणं फर्ज आहेच. पण ट्रॉलीवर बायका-मुलंही बसतात. त्यांची जान आपल्याकडे अमानत असते. मुकादमाकडून मुदत मागता येते. गेलेली जान परत मागता येत नाही.