बेरीच्या मळ्यांतील मोजकीं तिकिटें

लॉस एंजेलिस शहराच्या आग्नेयेस, कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यांत ब्यूना पार्क नांवाचें गांव आहे. तेथील 'नॉट्स बेरी फार्म' या क्रीडोद्यानांत लोक जातात ते बहुधा उंच सांगाड्यांवरून धांवणाऱ्या गाड्यांत बसण्यासाठीं. आमचें लक्ष मात्र दाराबाहेरील भोजनगृहानें वेधून घेतलें. या उद्यानाचा जन्मच मुळीं जेवणाच्या रांगेंतून झालेला आहे, आणि इ. स. २०२० च्या महामारींत तें पुन्हां त्या मूळपदावर येऊन उभें राहिलें होतें.

वॉल्टर नॉट हा बेरीची शेती करणारा गृहस्थ. रुडॉल्फ बॉयसेन यानें संकर करून तयार केलेलीं व पुढें सोडून दिलेलीं मरणोन्मुख झुडपें त्यानें आणून जगविलीं, आणि फळास नांव दिलें तें बॉयसेनचें. (दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देण्याची ही वृत्ति शेतकऱ्यांत काय, पंडितांतहि विरळा.) १९३४ सालीं त्याची पत्नी कॉर्डेलिया हिनें लग्नांतील ठेवणीच्या बश्या काढून आठ गिऱ्हाइकांस तळलेल्या कोंबडीचें जेवण वाढलें, दर ६५ सेंट. कोंबडीशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. बेरीचा मुरंबा मात्र आम्हीं चाखला, व तो खरोखरच नामी आहे. पुढें या जेवणासाठीं लोक तासन् तास ताटकळूं लागले. त्यांचा वेळ जावा म्हणून नॉटनें १९४० सालीं खाणकामगारांच्या एका ओसाड गांवाचा देखावा उभारण्यास आरंभ केला. तीं लांकडी घरें आजहि पाहावयास मिळतात. कुंपण घालून प्रवेशास पैसे घेण्याची पद्धति १९६८ पासूनची, आणि हॅलोविनच्या सुमारास भरणारी भुताखेतांची जत्रा १९७३ पासूनची.

मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें हें सर्व बंद पडलें. गाड्या व पाळणे फिरविण्यास सरकारची मनाई होती. उघड्यावर खाण्यास नव्हती. तेव्हां चालकांनीं त्या उन्हाळ्यांत 'टेस्ट ऑफ कॅलिको' नांवाचा खाद्योत्सव मांडला. तिकीट आगाऊ काढावयाचें, तेंहि मोजकेंच. तोंडावर पट्टी बांधून आंत जावयाचें, आणि तिकिटाबरोबर मिळालेल्या पत्रिकेवर ठरलेले पदार्थ घ्यावयाचे. माथ्यावर पाळणे निश्चल उभे, आणि खालीं माणसें अंतर राखून खात आहेत, असा तो देखावा! तरीहि तिकिटें खपलीं. भुतांची जत्रा त्या वर्षीं रद्द झाली व तिच्या जागीं असाच उत्सव झाला. नाताळचा उत्सव मात्र रोग बळावल्यामुळें डिसेंबरांत मध्येंच आटोपता घ्यावा लागला.

एप्रिल २०२१ पासून सरकारनें क्रीडोद्यानांस परवानगी दिली ती परगण्यांतील रोगमानाप्रमाणें: शेंकडा १५, २५ किंवा ३५ माणसें, आणि तींहि त्याच राज्यांतील रहिवासी. शंभर पानांच्या पंगतीस पंधरा पानें मांडावीं, तसाच हा प्रकार. पुष्कळांस तो जाचक वाटला. आमच्या मतें तो योग्यच होता. रांगेंत माणूस माणसास खेटून उभा राहतो, आणि रोगास हवें असतें तें तेंच.

परंतु मोजकीं तिकिटें कोणाच्या हातीं पडावीं, हा प्रश्न निराळा. कॉर्डेलियाबाईंच्या दारच्या रांगेंत धीर असला म्हणजे पुरे होई. उशिरां कां होईना, आपली पाळी येई. संगणकावरील विक्रींत धीर कुचकामाचा. तेथें हवी चपळाई. ज्या घरीं हुशार नातू, त्या घरचे आजोबा आंत. शेजारचे तितकेच हौशी आजोबा घरीं! अशा प्रसंगीं थोडीं तिकिटें वृद्धांसाठीं निराळीं राखून ठेवण्यास कोणाचें काय बिघडतें?

मे २०२१ मध्यें नॉटच्या मळ्यांतील गाड्या पुन्हां धांवूं लागल्या. १५ जून रोजीं संख्येचें सरकारी बंधनहि उठलें, आणि त्या वर्षींच्या शरदांत भुतें आपल्या कामावर रुजू झालीं.