जूनमधल्या संध्याकाळी

लंडनला बिऱ्हाड केल्यावर पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरातला सूर्य दुपारी चारच्या आत अस्तंगत होऊ लागला तेव्हा, मला आप्तेष्टांच्या खालोखाल उणीव भासली ती उजेडाची. म्हणूनच जूनमधल्या ज्या संध्याकाळी तो सव्वानऊनंतर मावळतो, त्या मला थकलेले येणे एकरकमी वसूल व्हावे तशा वाटतात.

या वेळात मी मोडी लिहितो. वडिलांनी लहानपणी गिरवून घेतलेली ती लिपी पुण्यातल्या नोकरीच्या धबडग्यात मागे पडली होती. येथे खिडकीशी बसून बोरूचे टोक तिरपे छाटावे, दौतीत बुडवावे, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी अखंड शिरोरेषा ओढावी आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, एकेक अक्षर वळवीत जावे, यात मन विलक्षण तल्लीन होते. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद ही लिपी मानीत नाही. शीघ्र लेखनासाठीच ती घडलेली. पेशवे दप्तरातले हुकूम, जमाबंद्या आणि रोजकीर्दी ज्या वळणाने उतरल्या, त्याच वळणाने मी दूध, पाव आणि साउथॉलहून आणलेल्या कोथिंबिरीचा खर्च मांडतो, आणि त्यात मला खरोखरीचा सन्मान वाटतो.

समोरच्या छपरावर ब्लॅकबर्ड, आपल्या कस्तुराचा सगोत्र, या वेळी मुक्तकंठाने गात असतो. धाकटी मुलगी शेजारी येऊन बसते. हल्ली शिरोरेषा स्वतः ओढण्याचा तिचा हट्ट आहे, आणि ती आता सरळ येऊ लागली आहे.