मूळ इंजिनच ठेवायचं होतं

चुलत्यांची जीप 1960च्या दशकातली. विलिसच्या परवान्यावर महिंद्रने बनवलेली, उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. बॉनेट उंच असण्याचं कारण आत आहे. हरिकेन नावाच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही वर उचलावं लागलं.

जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर अशा जीपा पुष्कळ धावल्या. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून कित्येकांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली आणि मूळची किलोवर भंगारात गेली. आज पार्ट मिळत नाहीत ते त्यामुळेच. आमच्या गाडीलाही डिझेल टाका, असा सल्ला नारायणगावात मिळाला. मी ऐकलं नाही. 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची, तर चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं. चुलत्यांनी ज्या इंजिनावर टोमॅटोच्या क्रेट वाहिल्या, तेच मला चालू हवं होतं.

हेड उतरवलं तेव्हा सिलिंडरच्या तोंडाशी, रिंगा पोहोचत नाहीत तिथे, नखाला अडेल असा काठ लागला. गाडी निळा धूर सोडायची, त्याचा उलगडा झाला. मूळ बोअर 3.125 इंच. कुणीतरी पूर्वीच तो चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, वाढवलेला आणि त्यावर ही झीज. पुढच्या मापाचे पिस्टन कुठेच नव्हते. पुण्यात नाना पेठेतली दुकानं पालथी घातली, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरलो. एकाने छातीठोकपणे दिलेलं हेड पॅकिंग ब्लॉकवर ठेवलं, तर भोकंच जुळेनात.

वाट सापडली ती मंचरच्या बाजूच्या एका लेथवर. तिथे कामं येतात ट्रॅक्टरची आणि शेतीच्या इंजिनांची. लेथ चालवणाऱ्या तात्यांनी ब्लॉकमध्ये गेज फिरवला, अंगठ्याने भिंत चाचपली आणि म्हणाले, “दादा, ब्लॉक टाकायचा नाही. लायनर मारतो. मग ष्ट्यांडर्ड पिस्टन आणा, तो मिळंल.”

तसंच झालं. बिडाचे लायनर दाबून बसवले, बोअर परत मूळ मापावर आणला, मग होनिंग. होनिंगनंतर आत उजेड टाकला तर बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसली. ऑइल धरून ठेवणारी हीच जाळी. ती गुळगुळीत झाली की रिंगा कोरड्या घासतात. क्रँक दहा थाऊ घासून त्या मापाची बेअरिंगं घातली. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व काही केल्या मिळेनात. तात्यांनी ट्रॅक्टरचे जरा मोठे व्हॉल्व घेतले, त्यांचं डोकं आणि लांबी कमी केली, टोकाला लॉकची खाच पाडली. विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडायची त्या काळापासून हे कसब आपल्या भागात मुरलं आहे. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांनी आधी इकडे चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं.

टॅपेट मी स्वतः लावले. इंजिन थंड असताना इनलेटला अठरा थाऊ, एक्झॉस्टला सोळा. इनलेटचं काम वरून सोपं. एक्झॉस्टसाठी मात्र मॅनिफोल्डखालचं बाजूचं झाकण काढून, मान वाकडी करून हात घालावा लागतो. फिलर गेज अलगद अडकत सरकली पाहिजे. सैल गेली तर टकटक, घट्ट बसली तर व्हॉल्व जळतो.

सुरू झाल्यावर पहिल्यांदा पाहिला तो ऑइल प्रेशरचा काटा. तो चढला, टिकला. सुरुवातीला गाडी हलकीच ठेवली, घोडेगावच्या पुढे डिंभ्याकडे रिकामी नेली, पाट्या भरल्या नाहीत. मग ऑइल बदललं. आता धूर नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट तेवढा बुशमध्ये खेळतो. पितळी बुश तात्यांकडे टाकलं आहे, ते बसलं की पॉइंटचं अंतर नीट धरेल आणि मग नोंदणीचा अर्ज.